एसपीजी: पंतप्रधानांच्या सुरक्षा कवचाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंतप्रधानांच्या ताफ्याचा एखादा व्हिडिओ फिरू लागला की त्याच प्रश्नांचा पाऊस पुन्हा सुरू होतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तारखा आणि कलमं हवी असतात. इतरांना ब्रीफकेसमध्ये काय असतं ते हवं असतं. राजीव गांधींच्या बाबतीत असं कसं घडू दिलं, हे मात्र दोघंही विचारतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. एसपीजी म्हणजे काय आणि ती नेमकं कोणाचं रक्षण करते?

एसपीजी म्हणजे स्पेशल प्रोटेक्शन ग्रुप, मराठीत विशेष सुरक्षा गट. हे केंद्र सरकारचं सशस्त्र दल आहे आणि त्याचं काम एकच: पंतप्रधानांना अगदी जवळून संरक्षण देणं. ‘जवळून’ म्हणजे काय, हे कायद्यात सविस्तर दिलं आहे. पायी, मोटारीने, रेल्वेने, विमानाने किंवा बोटीने होणारा प्रवास, कार्यक्रमाची जागा, निवासस्थान आणि मुक्काम हे सगळं त्यात येतं. अंगाभोवतीचं कडं, व्यासपीठ आणि कोणाला आत सोडायचं याची व्यवस्थाही त्यातच.

सध्याच्या कायद्यानुसार हे संरक्षण पंतप्रधानांना आणि त्यांच्यासोबत सरकारी निवासस्थानी राहणाऱ्या निकटच्या कुटुंबीयांना मिळतं. निकटचे कुटुंबीय म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं आणि आई-वडील. माजी पंतप्रधानांसाठी मुदत आहे, ती प्रश्न ७ मध्ये.

परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे एसपीजी गृह मंत्रालयाच्या नव्हे, तर मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत येते. तिचा प्रमुख ‘संचालक’ असतो आणि तो भारतीय पोलिस सेवेतला अधिकारी असतो. ब्रीदवाक्य: शौर्यम् समर्पणम् सुरक्षणम्.

२. एसपीजी नव्हती तेव्हा पंतप्रधानांची सुरक्षा कोण पाहायचं?

मुख्यतः दिल्ली पोलिस, आणि दौऱ्यावर असताना त्या त्या राज्याचे पोलिस. ही व्यवस्था बरीच मोकळीढाकळी होती. १९५५ मध्ये नागपुरात एक रिक्षावाला चाकू घेऊन पंडित नेहरूंच्या मोटारीवर चढला होता. नेहरू बचावले आणि पुढेही उघड्या मोटारीतून, गर्दीत उतरत फिरत राहिले. स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या त्या पिढीला लोकांपासून अंतर राखणं हा लोकांचा अपमान वाटायचा. गांधीजींच्या बाबतीतही तेच घडलं होतं. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात बॉम्ब फुटल्यानंतरही प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला त्यांनी नकार दिला, आणि दहा दिवसांनी त्याच जागी त्यांची हत्या झाली.

पंजाबातली परिस्थिती चिघळू लागल्यावर १९८१ मध्ये गुप्तचर विभागाच्या (आयबी) अखत्यारीत एक विशेष कृती दल उभं केलं गेलं. दिल्लीत पंतप्रधानांभोवतीचं कडं आणि ताफ्यासोबतची सुरक्षा त्याच्याकडे आली. निवासस्थानाचा पहारा मात्र दिल्ली पोलिसांकडेच राहिला. पुढे घात तिथेच झाला.

३. इंदिरा गांधींच्या घरी एवढा पहारा होता, मग हत्या झालीच कशी?

कारण गोळ्या पहाऱ्यातूनच आल्या. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी त्या १, सफदरजंग रोड या निवासस्थानातून शेजारच्या कार्यालयाकडे पायी निघाल्या होत्या. पीटर उस्तीनोव हे अभिनेते मुलाखतीसाठी त्यांची वाट पाहत होते. वाटेतल्या फाटकावर उपनिरीक्षक बेअंतसिंग आणि शिपाई सतवंतसिंग पहाऱ्यावर होते. दोघंही दिल्ली पोलिसांचे. दोघांनीही आपल्याकडच्या सरकारी शस्त्रांतूनच गोळ्या झाडल्या. इंदिराजींनी त्या दिवशी बुलेटप्रूफ जाकीट घातलं नव्हतं. त्यांना रुग्णवाहिकेतून नव्हे, तर अँबॅसडर मोटारीतून एम्समध्ये न्यावं लागलं.

जून १९८४ मधल्या ऑपरेशन ब्लू स्टारनंतर, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईनंतर, शीख सुरक्षारक्षकांना त्यांच्याभोवतालच्या कामावरून हलवण्यात आलं होतं. धर्म पाहून माणसं बाजूला काढणं इंदिराजींना पटलं नाही, आणि ते रक्षक परत आले. हा निर्णय मूर्खपणाचा होता, असं लिहिणारे अनेक वाचक असतात. मला तसं वाटत नाही. देशाच्या पंतप्रधानाने संपूर्ण समाजाकडे संशयाने पाहायचं नाकारलं, यात काही गैर नव्हतं. उणीव दुसरीकडे होती. पहाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाची, तो कोणत्याही धर्माचा असो, वेळोवेळी पडताळणी करणारी यंत्रणाच नव्हती. कोण कोणाशी बोलतो, कोणावर कसला दबाव आहे, पहाऱ्याची जागा कोण कोणाशी बदलून घेतो, हे पाहायला एक जबाबदार अधिकारी नव्हता.

शिवाय घराचा पहारा एका दलाचा, अंगाजवळची सुरक्षा दुसऱ्याची आणि आवारातले कमांडो भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, अशी वाटणी होती. एसपीजीची कल्पना या तुकड्या-तुकड्यांच्या कारभारातून जन्मली.

४. एसपीजीची स्थापना १९८५ ची की १९८८ ची? पुस्तकांत दोन्ही सापडतात.

दोन्ही बरोबर आहेत, फक्त प्रश्न काय विचारला आहे ते पाहा. इंदिराजींच्या हत्येनंतर बिरबल नाथ समिती नेमली गेली. पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी एकाच नियंत्रणाखाली वेगळं दल हवं, अशी तिची शिफारस होती. ती मान्य होऊन मार्च १९८५ मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयाखाली ८१९ पदं मंजूर झाली आणि एप्रिलमध्ये दल ‘एसपीजी’ या नावाने उभं राहिलं. एस. सुब्रमण्यम पहिले संचालक झाले.

पहिली तीन वर्षं हे दल केवळ सरकारी आदेशावर चालत होतं. संसदेने कायदा केला १९८८ मध्ये. त्यामुळे दलाची स्थापना १९८५ ची आणि कायदा १९८८ चा.

५. एसपीजी आल्यावर राजीव गांधींवर पंतप्रधान असताना हल्ले झाले का?

दोन ठळक प्रसंग आहेत. २ ऑक्टोबर १९८६ ला, गांधी जयंतीच्या सकाळी, राजघाटावर झुडपांत लपलेल्या करमजितसिंग या तरुणाने गावठी शस्त्रातून गोळ्या झाडल्या. पहिला आवाज झाला तेव्हा शोधाशोध झाली, पण माणूस सापडला नाही. प्रार्थना आटोपून परतताना पुन्हा गोळ्या सुटल्या. काही जण किरकोळ जखमी झाले, राजीव बचावले. वर्षातला ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि तरीही झाडी नीट विंचरलेली नव्हती. आजही पंतप्रधान यायच्या कितीतरी आधी कार्यक्रमस्थळाची तपासणी का होते, याचं उत्तर त्या सकाळी सापडतं.

दुसरा प्रसंग कोलंबोतला. भारत-श्रीलंका करारावर सह्या झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, ३० जुलै १९८७ ला, मानवंदना स्वीकारताना रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने राजीव यांच्यावर घाव घातला. ते वाकले म्हणून डोकं वाचलं, घाव खांद्यावर गेला. सलामी देणाऱ्या रांगेवर कोणाचाही संशय जात नाही, आणि यजमान देशाच्या सैनिकांत पाहुण्यांच्या रक्षकांनी किती शिरायचं यालाही मर्यादा असते. (परदेशातल्या व्यवस्थेसाठी प्रश्न १४ पाहा.)

६. राजीव गांधींची एसपीजी सुरक्षा का काढली? ती असती तर ते वाचले असते का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे.

१९८८ च्या कायद्यात संरक्षण होतं फक्त पदावर असलेल्या पंतप्रधानांना आणि त्यांच्या कुटुंबाला. माजी पंतप्रधानांचा उल्लेखच नव्हता. हा कायदा राजीव यांच्याच सरकारने केला होता. खुर्ची गेल्यावर काय, हा विचार त्या मसुद्यात नव्हता. १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली आणि व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात एसपीजी काढून घेतली गेली. कायद्याच्या शब्दाला धरून ते योग्यच होतं.

पण धोका कायद्याचे शब्द वाचत नाही. श्रीलंकेत शांतिसेना पाठवल्यामुळे एलटीटीई या तिथल्या तमिळ बंडखोर संघटनेचा रोष राजीव यांच्या पदावर नव्हता, त्यांच्यावर होता. पंजाबातल्या अतिरेक्यांचंही तसंच. आपल्याकडे याचं एक उदाहरण आधीच घडून गेलं होतं. ब्लू स्टारच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य १९८६ मध्ये निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाले आणि त्याच वर्षी १० ऑगस्टला भर रस्त्यात त्यांची हत्या झाली. त्यांच्यासोबत एकच सुरक्षारक्षक होता. पद सुटलं तरी वैर सुटत नाही, हे पुण्याने दाखवून दिल्यावर चारच वर्षांनी राजीव यांचं कवच निघालं.

२१ मे १९९१ ला रात्री दहाच्या सुमारास तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या प्रचारसभेत एलटीटीईची आत्मघाती हल्लेखोर धनू हार घालायला पुढे आली. बंदोबस्तावरच्या एका महिला उपनिरीक्षकाने तिला अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा राजीव यांनीच तिला येऊ द्यायला सांगितलं. ती पाया पडायला वाकली आणि कमरेचा स्फोटकांचा पट्टा उडवला. राजीव यांच्यासोबत सावलीसारखे वावरणारे दिल्ली पोलिसांचे सुरक्षा अधिकारी प्रदीपकुमार गुप्ता हेही त्या स्फोटात गेले.

सुरक्षेतल्या त्रुटी तपासण्यासाठी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. १९९२ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने केंद्राला दोष दिला: धोक्याचा अंदाज नीट घेतला नाही आणि एसपीजी काढल्यावर तिच्या तोडीची पर्यायी व्यवस्था दिली नाही. स्थानिक पोलिस आणि सभेचे स्थानिक काँग्रेस आयोजक हेही त्या ठपक्यातून सुटले नाहीत.

मग एसपीजी असती तर ते वाचले असते का? ठामपणे कोणीच सांगू शकत नाही. पण एसपीजीच्या व्यवस्थेत यादीत नसलेली, झडती न झालेली व्यक्ती हाताच्या अंतरावर पोचणं फार कठीण असतं. त्या रात्री धनूला ते सहज जमलं. माझ्या मते केंद्राची खरी चूक ‘एसपीजी काढली’ ही नव्हे. काढलेल्या जागी काहीच दमदार उभं केलं नाही, ही आहे.

७. माजी पंतप्रधानांना एसपीजी किती वर्षं मिळते? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

आकडे वेगळे दिसतात कारण कायदा पुन्हा पुन्हा बदलला आहे.

१९८८ मध्ये माजी पंतप्रधानांना काहीच नव्हतं. राजीव यांच्या हत्येनंतर १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन माजी पंतप्रधान आणि त्यांचे कुटुंबीय आत आले. पुढे ही मुदत १० वर्षांपर्यंत वाढली. २००३ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात, ती पद सोडल्यापासून एक वर्षावर आणली गेली. त्यापुढे मुदतवाढ मिळायची ती धोक्याच्या पातळीवरून. हा धोका अतिरेकी किंवा दहशतवादी संघटनेकडून असलेला, गंभीर आणि सतत टिकणारा हवा होता, आणि दोन आढाव्यांमध्ये १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नव्हतं.

२०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा सरळ आकडा आणला: पद सोडल्यापासून पाच वर्षं, आणि तेही दिलेल्या निवासस्थानी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांपुरतं. माजी पंतप्रधानांची सुरक्षा निघाली की कुटुंबीयांचीही आपोआप निघते.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांत २००३ ची पद्धत तत्त्व म्हणून सर्वांत शहाणी होती, कारण तिने मुदत धोक्याला बांधली. अडचण एवढीच की धोक्याचा अंदाज करणारी यंत्रणा सरकारचीच, आणि आढावा बंद दाराआड. त्यामुळे कवच ठेवलं तरी पक्षपाताचा आरोप आणि काढलं तरी तोच.

८. २०१९ मध्ये गांधी कुटुंबाची एसपीजी काढली ते राजकीय सूड म्हणून की नियमाने?

घटनाक्रम आधी. ऑगस्ट २०१९ मध्ये डॉ. मनमोहनसिंग यांची एसपीजी सुरक्षा काढली गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोनिया, राहुल आणि प्रियांका गांधी यांची काढली गेली. त्यांना केंद्रीय राखीव पोलिस दलाचे (सीआरपीएफ) जवान असलेली झेड प्लस सुरक्षा (प्रश्न ९ पाहा) दिली गेली. त्यानंतर दुरुस्ती विधेयक आलं. लोकसभेत २७ नोव्हेंबरला आणि राज्यसभेत ३ डिसेंबरला ते मंजूर झालं. क्रम नीट पाहा: गांधी कुटुंबाची सुरक्षा जुन्याच कायद्याखालच्या आढाव्याने गेली, नवा कायदा नंतर आला. अनेक लेखांत हे उलटं छापलेलं असतं.

सरकारचं म्हणणं होतं की एसपीजी हे सरकारप्रमुखासाठीचं खास दल आहे, बाकीच्यांची काळजी झेड प्लसने घेता येते. काँग्रेसचं म्हणणं होतं की ज्या घराने दोन पंतप्रधान गमावले त्याच्या बाबतीत हा निर्णय धोका पाहून नव्हे, नाव पाहून झाला.

हेतू काय होता याचा निवाडा मी करणार नाही. एक मात्र म्हणतो: १९९० मध्ये केलेली चूक २०१९ मध्ये जशीच्या तशी केली गेली नाही. काढलेल्या कवचाच्या जागी दुसरं भक्कम कवच त्याच वेळी दिलं गेलं. आणि काँग्रेसची एक मागणी कोणत्याही पक्षाने लावून धरावी अशी होती: धोक्याचं मूल्यमापन कोण, कशाच्या आधारे करतं, याला सरकारबाहेरची काहीतरी देखरेख हवी.

९. झेड प्लस म्हणजेच एसपीजी का? आणि ‘ब्लॅक कॅट’ कोण?

नाही. एक्स, वाय, वाय प्लस, झेड आणि झेड प्लस या श्रेणी गृह मंत्रालय ठरवतं. आयबी वगैरे यंत्रणांच्या धोक्याच्या अहवालावरून त्या दिल्या जातात, वाढवल्या किंवा काढल्या जातात. माणसं सीआरपीएफ, सीआयएसएफ अशा दलांची असतात. एसपीजी या शिडीच्या वरच्या पायरीवर नाही, ती शिडीबाहेर आहे. तिला स्वतःचा कायदा आहे आणि तो ज्यांची नावं घेतो त्यांनाच ती मिळते.

ब्लॅक कॅट म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे (एनएसजी) काळ्या पोशाखातले कमांडो. त्यांचं मूळ काम दहशतवादविरोधी कारवाई. अनेक वर्षं ते काही नेत्यांच्या सुरक्षेतही होते, आता ते काम सीआरपीएफकडे दिलं गेलं आहे. एसपीजीचे लोक बहुतेक वेळा सुटात किंवा सफारीत दिसतात.

आणखी एक फरक. झेड प्लस खासगी व्यक्तीला स्वखर्चाने मिळू शकते. मुकेश अंबानी आणि त्यांच्या कुटुंबाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तसा आदेश दिला. एसपीजी मात्र पैसे भरून कोणालाच मिळत नाही.

१०. राष्ट्रपतींना आणि मुख्यमंत्र्यांना एसपीजी असते का?

नाही. घोड्यांवर दिसणारे राष्ट्रपतींचे अंगरक्षक ही लष्कराची १७७३ मध्ये उभी राहिलेली तुकडी आहे. तिचं काम मुख्यतः मानाचं आणि समारंभाचं. प्रत्यक्ष सुरक्षेचा भार दिल्ली पोलिस वगैरे दलांवर असतो. मुख्यमंत्र्यांची सुरक्षा राज्य पोलिस पाहतात, आणि केंद्राने एखाद्याला झेड प्लससारखी श्रेणी दिली तर केंद्रीय दलाची जोड मिळते.

११. एसपीजीत भरती कशी होते? जाहिरात कधी निघते?

थेट भरती नसते, त्यामुळे जाहिरातीची वाट पाहू नका. आणि ‘एसपीजी भरती’ म्हणून कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी यांसारख्या दलांतून आणि राज्य पोलिसांतून निवडून माणसं प्रतिनियुक्तीवर घेतली जातात. म्हणजे आधी त्यापैकी एखाद्या दलात जा, तिथे चांगली नोंद राखा, मग निवडीची संधी.

प्रतिनियुक्तीची दुसरी बाजूही आहे. माणूस तयार व्हायला वेळ जातो आणि मुदत संपली की तो मूळ दलात परततो. पंतप्रधानांच्या पावलागणिक पाऊल टाकायची सवय झालेला जवान पुन्हा सीमेवर किंवा ठाण्यात जातो. दलाला सतत नव्याने माणसं घडवावी लागतात. फायदा असा की कोणीही एका नेत्याचा ‘खासगी’ माणूस बनून वर्षानुवर्षं चिकटून राहत नाही.

१२. त्या ब्रीफकेसमध्ये काय असतं? आणि काळे चष्मे कशाला?

ब्रीफकेस म्हणजे घडीची बुलेटप्रूफ ढाल. झटका दिला की ती उलगडते आणि नेत्याच्या पुढ्यात धरता येते. अणुबॉम्बचं बटण वगैरे नसतं. चष्म्यामुळे रक्षक कुठे पाहतो आहे ते समोरच्याला कळत नाही आणि ऊन, धूळ, कॅमेऱ्यांचे फ्लॅश यांपासून डोळे वाचतात.

१३. पंतप्रधानांच्या दौऱ्यात स्थानिक पोलिसांचं काम काय उरतं? फिरोजपूरला नेमकं कोण चुकलं?

बहुतेक सगळं काम स्थानिक पोलिसांचंच असतं. एसपीजी असते आतल्या कड्यात. मार्ग मोकळा ठेवणं, छतं आणि पूल पाहणं, गर्दी आवरणं आणि पर्यायी रस्ता तयार ठेवणं ही राज्याची जबाबदारी. हे सगळं ‘ब्लू बुक’ या गोपनीय नियमावलीत ठरवून दिलेलं असतं. दौऱ्याआधी एसपीजी, आयबी, राज्य पोलिस आणि स्थानिक प्रशासन एकत्र बसून आराखडा पक्का करतात. त्याला एएसएल म्हणतात, म्हणजे अ‍ॅडव्हान्स सिक्युरिटी लायझन. एसपीजीच्या संचालकाला मदत करणं केंद्राच्या आणि राज्यांच्या सर्व यंत्रणांवर कायद्याने बंधनकारक आहे.

आता फिरोजपूर. ५ जानेवारी २०२२ ला पंतप्रधान मोदी भटिंड्याला उतरले. हुसैनीवालाच्या राष्ट्रीय शहीद स्मारकाला ते हेलिकॉप्टरने जाणार होते. हवामान खराब असल्याने दोन तासांहून जास्तीचा रस्त्याचा प्रवास ठरला. स्मारकापासून सुमारे ३० किलोमीटरवर, एका उड्डाणपुलावर, पुढे आंदोलक असल्याने ताफा १५ ते २० मिनिटं अडकून पडला. शेवटी तो भटिंड्याला परत वळला.

सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुरेसं बळ हाताशी असूनही आणि मार्ग बदलल्याची पूर्वसूचना सुमारे दोन तास आधी मिळूनही फिरोजपूरच्या तत्कालीन वरिष्ठ पोलिस अधीक्षकांनी कर्तव्य बजावलं नाही, असा निष्कर्ष ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात वाचून दाखवला गेला. ब्लू बुकचा वेळोवेळी फेरविचार करायला देखरेख समिती असावी, असंही तिने सुचवलं.

म्हणजे ठपका राज्य पोलिसांवर. तरीही मला हा प्रश्न एका अधिकाऱ्यापाशी संपतो असं वाटत नाही. सीमेपासून थोड्याच अंतरावर, उंच आणि उघड्या पुलावर ताफा उभा राहिला. ‘मार्ग मोकळा आहे’ हा निरोप एका यंत्रणेने द्यायचा आणि दुसऱ्या यंत्रणेने त्यावर जिवाची बाजी लावायची, ही रचनाच तशी आहे. १९८४ मध्ये दुवा तुटला तो दिल्लीतल्याच दोन दलांमध्ये. १९९१ मध्ये केंद्र आणि राज्यामध्ये, २०२२ मध्येही तिथेच. वर दोन ठिकाणी दोन वेगळे पक्ष सत्तेत असले की हा सांधा अधिकच कच्चा होतो, आणि घटनेनंतर सुरक्षेऐवजी राजकारणाचीच चर्चा चालते.

१४. परदेश दौऱ्यात एसपीजी असते का?

असते, पण मालकी यजमान देशाची. उदाहरणार्थ, अमेरिकेत भेटीवर आलेल्या परदेशी सरकारप्रमुखांचं रक्षण तिथली सीक्रेट सर्व्हिस करते. एसपीजी अंगाजवळ राहते आणि समन्वय साधते. शस्त्रं, मार्ग, झडती यांबाबत स्थानिक कायदा चालतो.

१५. पंतप्रधान स्वतःच कडं मोडून गर्दीत गेले तर एसपीजी त्यांना थांबवू शकते का?

सांगू शकते, विनवू शकते, शरीराने आडवी येऊ शकते. हुकूम देऊ शकत नाही. लोकशाहीत नेत्याला मतं लोकांकडूनच मिळतात, आणि रक्षकांनी आखलेली रेषा ओलांडली की टाळ्या पडतात. नेहरूंपासून आजच्या रोड शोपर्यंत हे चालत आलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये हुबळीत पंतप्रधान मोटारीच्या पायरीवर उभे असताना एक मुलगा हार घेऊन थेट जवळ पोचला. पोलिसांनी यात सुरक्षेचा भंग नव्हता असं सांगितलं. मला मात्र ते दृश्य पाहताना श्रीपेरुंबुदूरचा हार आठवल्याशिवाय राहिला नाही. मुलगा निरागस होता, हे नंतर कळतं. रक्षकाला ठरवायला मिळतो अर्धा सेकंद.

१६. एसपीजीवर खर्च किती होतो?

२०२०-२१ च्या अर्थसंकल्पात ५९२.५५ कोटी रुपयांची तरतूद होती, आणि ‘एका माणसावर एवढे पैसे’ असे मथळे तेव्हा झळकले. २०२१-२२ मध्ये ती ४२९.०५ कोटींवर आली. हा पैसा एका माणसाच्या चैनीचा नव्हे. हजारोंच्या घरातल्या दलाचे पगार, प्रशिक्षण, वाहनं आणि प्रवास त्यात येतात. दौऱ्यात राज्यांच्या पोलिसांवर होणारा खर्च मात्र यात धरलेला नसतो, आणि तो कुठेही एका जागी मांडलेला दिसत नाही. माझी तक्रार आकड्यापेक्षा या न मांडण्याबद्दल आहे.

१७. आचारसंहितेत पंतप्रधानांचं हेलिकॉप्टर तपासता येतं का?

निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार एसपीजी संरक्षण असलेल्या व्यक्तींना अशा तपासणीतून सूट आहे. एप्रिल २०१९ मध्ये ओडिशातल्या संबलपूरला एका निवडणूक निरीक्षकाने पंतप्रधानांच्या हेलिकॉप्टरची तपासणी केली आणि आयोगाने त्याला निलंबित केलं. काही दिवसांतच केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने निलंबनाला स्थगिती दिली.

सरकारी वाहन प्रचाराला वापरू नये, या नियमातूनही पंतप्रधानांना सुरक्षेच्या कारणाने सूट आहे. सुरक्षा आणि समान संधी यांची इथे थेट टक्कर होते. सूट सुरक्षेपुरतीच राहावी असं वाटत असेल, तर आतल्या सामानाची तपासणी कोणी करायची, याचं वेगळं उत्तर शोधावं लागेल. ते अजून शोधलेलं नाही.

१८. एसपीजीबद्दल माहिती अधिकारात अर्ज करता येतो का?

सहसा नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत सूट असलेल्या संस्थांची यादी आहे आणि एसपीजी तिच्यात आहे. पण या सुटीला अपवाद आहेत: भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी निगडित माहिती मागता येते. मानवी हक्कभंगाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते. तुमचा अर्ज ताफ्यात किती मोटारी असतात अशा स्वरूपाचा असेल, तर तो फेटाळला जाईल. खरेदीतल्या गैरव्यवहाराबद्दल असेल, तर अर्जात तो आरोप स्पष्ट लिहा.

१९. एसपीजीच्या जवानाने धक्का दिला, इजा झाली, तर गुन्हा दाखल होतो का?

कायद्याने सद्‌भावनेने केलेल्या कृतीसाठी त्यांना खटल्यापासून संरक्षण आहे. गर्दीत कोणी अचानक हात पुढे केला आणि जवानाने तो पिरगाळला, तर हे संरक्षण लागू होईल. ‘सद्‌भावनेने’ हा शब्द मात्र त्यात उगाच नाही. कर्तव्याशी संबंध नसलेली मारहाण त्याच्या आड लपू शकत नाही, आणि कृती कोणत्या प्रकारची होती हे शेवटी न्यायालय ठरवतं. ज्या पोलिसांना दौऱ्यापुरते या कायद्याखाली अधिकार दिले जातात त्यांनाही हेच संरक्षण असतं. बाकीच्या बंदोबस्तावरच्या पोलिसांना ते नाही, त्यांच्याबद्दलची तक्रार नेहमीच्या मार्गानेच होते.